साठाच्या पुढे

अण्णांच्या मागे आमच्या घरात दोन वस्तू उरल्या. एक शिसवीचा पखवाज आणि दुसरी १९७४ सालची ॲम्बेसॅडर मोटार. पखवाज होळकर दरबारच्या दिवसांतला. अण्णा पंधरा वर्षांचे असताना, १९४६ मध्ये, त्यांचे नाव संस्थानच्या वादकांच्या यादीत चढले आणि त्यांच्या गुरूंनी तो त्यांच्या हाती दिला. दोनच वर्षांनी, मे १९४८ मध्ये, संस्थान मध्य भारतात विलीन झाले. यादी संपली, पखवाज राहिला. मोटार मात्र कोणत्याही दरबारची नव्हे. ती अण्णांनी १९८५ मध्ये एका वकिलांकडून जुनी घेतली, आणि तीही एवढ्याचसाठी की मागच्या बाकावर पखवाज आडवा ठेवला तरी शेजारी एक माणूस ऐसपैस बसत असे. पुष्कळदा तो माणूस मी असे, आणि गाडी खड्ड्यात गेली की पखवाज सांभाळणे हे माझे काम असे.

अण्णा २००७ मध्ये गेले. पखवाज मी वाजवतो, शाळेत व घरी मुलांना शिकवतो. मोटारही मीच चालवतो. यंदाच्या वैशाखात उज्जैनला एका शिष्याच्या घरी बैठक होती. सांवेरच्या अलीकडे काटा चढू लागला. मी दुर्लक्ष केले. मग बॉनेटच्या फटींतून वाफ आली, एंजिन दोनच सिलिंडरवर धापा टाकू लागले आणि एका लिंबाखाली आम्ही थांबलो. बैठकीला मी दुधाच्या टेम्पोतून पोहोचलो, हे शिष्याच्या घरच्यांना अजून माहीत नाही. या लेखाने आता कळेल.

गाडी ओढत आणली ती सियागंजाच्या पाठीमागच्या गल्लीत, मिस्त्रींच्या कारखान्यात. मिस्त्रींचे वय सत्तरीच्या घरात. त्यांचे आजोबा होळकरांच्या मोटारखान्यात होते. यशवंतराव महाराजांना मोटारींचा किती षोक होता हे इंदूरच्या जुन्या घरांना सांगायला नको. त्यांची ड्युसेनबर्ग, एका ओळीत आठ सिलिंडर आणि जवळजवळ सात लिटरचे एंजिन असलेली, आजही जगभरच्या जाणकारांना ठाऊक आहे. मिस्त्री म्हणतात, त्यांचे आजोबा तिचे बॉनेट पुसत. उघडत असे म्हणत नाहीत. म्हणूनच माझा त्यांच्या सांगण्यावर विश्वास बसतो. ते मला 'मास्तर' म्हणतात आणि मी त्यांना नुसते 'मिस्त्री'. दोघेही खालसा झालेल्या खात्यांचे वारस.

त्यांनी एंजिनाचे हेड उतरवले आणि गॅस्केट माझ्या हातात दिले. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर ते जळून फाटले होते. एका सिलिंडरमधला जाळ दुसऱ्यात जात होता. मी म्हटले, "गॅस्केटच ना? नवे टाका." मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी सिलिंडरच्या आत बोट फिरवले, वरच्या टोकाशी नखाला लागणारी कड मला दाखवली आणि म्हणाले, "मास्तर, सिलिंडरही खाल्लेत. बोअर मागतोय. आणि आता बोअर द्यायला याच्याकडे काही उरलंय की नाही, ते आधी बघावं लागेल."

त्यानंतरचे सहा आठवडे मी शाळा सुटली की त्या कारखान्यात जाऊन बसत असे. तिथे जे शिकलो, ते माझ्या व्यवसायाचे नाही. पण घरी जुनी गाडी ठेवणारी मंडळी आपल्याकडे थोडी नाहीत, म्हणून लिहितो.

सिलिंडरमध्ये पिस्टन वरखाली होतो. त्याच्या कड्या भिंतीला घासतात आणि भिंत झिजते, पण सारखी झिजत नाही. वरच्या टोकाशी, जिथे जाळ असतो आणि तेल कमी पोहोचते, तिथे जास्त. शिवाय दांडा तिरका होताना पिस्टन ज्या बाजूवर रेटला जातो, त्या बाजूला जास्त. गोल भोक हळूहळू लंबगोल होते, वर रुंद आणि खाली अरुंद. अशा भोकात नव्या कड्या बसवून उपयोग नाही. म्हणून यंत्रावर सगळे भोकच थोडे मोठे, पुन्हा नीट गोल, कापून घ्यावयाचे आणि तेवढा मोठा पिस्टन घालावयाचा. याला बोअर करणे म्हणतात. आपल्याकडे माप इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात, त्याला 'थाउ' असे नाव. वीस, चाळीस, साठ अशा पायऱ्यांनी पिस्टन मिळतात. "गाडी चाळिसावर आहे" असे कोणी म्हणाले, तर ते वेगाविषयी नाही एवढे वाचकांनी लक्षात ठेवावे.

ॲम्बेसॅडरच्या या एंजिनाचा मूळ बोअर ७३.०२५ मिलिमीटर, पिस्टनची चाल ८८.९ मिलिमीटर, चार सिलिंडर, मिळून १४८९ सीसी. साठ थाउ म्हणजे दीड मिलिमीटरच्या वर एक केस. तेवढा बोअर वाढला की एंजिन १५५२ सीसीचे होते. त्रेसष्ट सीसींची ही वाढ गाडी चालवणाऱ्याला जाणवतही नाही. जाते काय, तर प्रत्येक सिलिंडरच्या भिंतीचा चहूबाजूंनी पाऊण मिलिमीटर थर. आणि शेजारच्या दोन सिलिंडरांच्या मधली जी पट्टी आहे, तिच्यातून दोन्हीकडचे मिळून पुरता दीड मिलिमीटर.

आमच्या गाडीचा इतिहास असा. अण्णांनी १९८८ मध्ये वीस केले, १९९७ मध्ये चाळीस. दोन्ही वेळा याच मिस्त्रींच्या हातून. साठ मी केले, २०१० मध्ये, आणि मिस्त्री तेव्हा आजारी होते म्हणून दुसरीकडे केले. तो कारखानदार दोन दिवसांत काम देतो म्हणाला. मला घाई होती. दत्तजयंतीला भजनाचे निमंत्रण होते. त्याने मोजमाप न करता सरळ साठ कापले आणि ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग गरजेपेक्षा खोल घासून काढला. त्याला दोष देताना एवढे कबूल केले पाहिजे की भिंत किती उरली हे मीही विचारले नाही. असा काही प्रश्न असतो हेच मला माहीत नव्हते.

मधल्या काळात माझ्या एका शिष्याने, तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, एक तोड सुचवली. हेच एंजिन इंग्लंडमध्ये अठराशे सीसीपर्यंत गेले होते, मग आपणही पिस्टन मोठे घालून अठराशे का करू नये? त्याची माहिती खरी होती. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची ही 'बी' मालिका. तिचा धाकटा अवतार १२०० सीसीचा, ६५.४८ मिलिमीटर बोअरचा. मग आपले १४८९. हिंदुस्तान मोटर्सने १९५९ मध्ये ते ॲम्बेसॅडरमध्ये घेतले. पुढे ७६.२ मिलिमीटरचे १६२२, आणि १९६२ मध्ये एमजीबी या खेळी मोटारीत ८०.२६ मिलिमीटरचे १७९८. गंमत अशी की या सगळ्यांत पिस्टनची चाल तीच, साडेतीन इंच. बदलत गेला तो फक्त बोअर. पाहणाऱ्याला वाटते, एकच ब्लॉक पोखरत पोखरत नेला असेल. तसे नाही. ७३ चा ८० करावयाचा तर प्रत्येक भिंतीतून साडेतीन मिलिमीटरहून अधिक लोखंड जाणार; आमच्या ब्लॉकमध्ये तेवढ्यात बहुतेक ठिकाणी पाणीच लागले असते. कारखान्याने ब्लॉक नव्याने आखून ओतला, मग त्यात मोठे भोक केले. मिस्त्री शिष्याला म्हणाले, "बाळा, बापाचा सदरा उसवून आजोबाचा होत नाही. कापडच तेवढं लागतं." म्हण कुठली ते मला माहीत नाही, बहुधा त्यांचीच.

इथे ब्लॉकच्या माथ्याविषयी सांगितले पाहिजे. ब्लॉकच्या ज्या सपाट पृष्ठावर गॅस्केट आणि त्यावर हेड बसते, त्याला मिस्त्री लोक 'फेस' म्हणतात आणि इंग्रजी पुस्तकांत 'डेक'. या डेकचे दोन मुख्य प्रकार. एका परातीत पाणी घालून त्यात चार फुलपात्री, त्यांना बूड नाही असे समजून, चिकटवून उभी केली, तर त्यांच्या कडा मोकळ्या राहतील आणि भोवती वरपर्यंत पाणी दिसेल. हा झाला उघडा डेक. तीच फुलपात्री घडवंचीच्या फळीला भोके पाडून त्यांत कडांशी घट्ट धरली, पाण्याला फक्त बारीक छिद्रे ठेवली, तर तो बंद डेक. पहिल्यात सिलिंडरचा माथा चहूकडून पाण्याने थंड राहतो, पण त्याला धरणारे कोणी नसते. दुसऱ्यात तो धरलेला असतो. दोहोंच्या मधला, काही ठिकाणी आडवे पूल ठेवलेला, अर्धबंद प्रकारही आहे.

कोणी म्हणेल, मग सगळेच बंद का करीत नाहीत? कारण ओतकामात आहे. लोखंडी ब्लॉक वाळूच्या साच्यात ओततात. पाण्याच्या वाटेच्या आकाराचा वाळूचा गाभा आत ठेवावयाचा, भोवती रस ओतावयाचा, आणि थंड झाल्यावर गाभा फोडून छिद्रांतून वाळू झटकून काढावयाची. त्यामुळे वरचे झाकण बंद ठेवता येते. ॲल्युमिनियमचा ब्लॉक पोलादी साच्यात दाबाने भरून झटपट काढावयाचा असेल, तर पोलादी गाभा फोडता येत नाही. तो सरळ वर ओढून काढावा लागतो, म्हणजे वरचे तोंड उघडे ठेवणे आलेच. काम स्वस्त आणि जलद होते, वजन कमी होते. रोजच्या गाडीला ते बेतशीर आखले तर पुरतेही. आजच्या कितीतरी गाड्या तशाच आहेत. पण बेत चुकला की काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. शेव्हरोलेने १९७० मध्ये व्हेगा नावाची छोटी गाडी काढली. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, त्यात सतरा टक्के सिलिकॉन, लोखंडी लायनर नाही, डेक उघडा, आणि वर हेड मात्र ओतीव लोखंडाचे. पाणी कमी पडून एंजिन तापले की मोकळे सिलिंडर वाकडे होत, गॅस्केट सुटे, पाणी आत शिरे, तेल जळू लागे. अखेर दुरुस्तीला पोलादी लायनर बसवलेले ब्लॉक द्यावे लागले. १९७७ मध्ये गाडी बंद झाली.

आमचा ब्लॉक बंद डेकचा, लोखंडी. तरीही जळाले ते माथ्यावरच. याचा हिशेब मिस्त्रींनी खडूने कारखान्याच्या दारावर करून दाखवला. जाळ लागतो तेव्हा सिलिंडरमध्ये चौरस सेंटिमीटरला चाळीस किलो दाब धरला, तर ७३ मिलिमीटरच्या भोकावर हेडला वर उचलणारा रेटा सुमारे सोळाशे पंचाहत्तर किलो. साठ थाउ वाढवल्यावर तोच सत्तर किलोंनी वाढतो. बोल्ट तेवढेच, त्यांच्या जागा त्याच. उलट ज्या पट्टीवर गॅस्केटने आवळून बसावयाचे, ती दीड मिलिमीटरने बारीक झालेली. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर एका सिलिंडरमध्ये असा ठोका पंधराशे वेळा पडतो. शिवाय भोक गॅस्केटच्या तोंडापेक्षा मोठे झाले, तर गॅस्केटची कड आत डोकावते, तापून लाल होते आणि ठिणगीची वाट न पाहता पेट्रोल पेटवते. त्यात कोणी माथा घासून पातळ केला असेल, तर मग विचारूच नका. आणि आमचा तर केलेला होता.

याच प्रश्नाशी झगडून थोर कारखान्यांनी काय काय केले, ते पाहण्याजोगे आहे. मिस्त्रींच्या मांडणीवर एक तेलाने काळे पडलेले जॅग्वारचे पुस्तक आहे. ते त्यांच्याकडे कसे आले हे ते सांगत नाहीत. जॅग्वारचे सहा सिलिंडरांचे एक्सके एंजिन १९४८ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात आले. बोअर ८३, चाल १०६ मिलिमीटर, ३४४२ सीसी. दहा वर्षांनी त्यांना अधिक ताकद हवी झाली. बोअर ८७ केला, ३७८१ सीसी झाले. पण एवढे रुंद केल्यावर जुन्या भिंतीच्या भरवशावर राहता येईना, म्हणून ब्लॉक बदलून आत कोरडे लायनर घातले. कोरडे म्हणजे पाण्याला न लागणारे, भिंतीच्या आत ठोकलेले अस्तर. १९६४ मध्ये पुन्हा भूक लागली. आता ९२ मिलिमीटर हवे होते आणि ब्लॉकची लांबी तर तेवढीच ठेवावयाची. तेव्हा त्यांनी पहिला आणि सहावा सिलिंडर बाहेरच्या बाजूला सरकवले, मधले तिसरा-चौथा एकमेकांकडे ओढले, दुसरा-पाचवा जागच्या जागी ठेवले. शेजाऱ्यांच्या मधले पाणी गेले, भिंतीला भिंत भिडली. हेड मात्र जुन्याच आखणीचे ठेवले, त्यामुळे काही सिलिंडरांचे मध्य आणि वरच्या ज्वलनकोठ्यांचे मध्य जुळेनात. ४.२ लिटरचे हे एंजिन चालले, उत्तम चालले, १९९२ पर्यंत कोणत्या ना कोणत्या गाडीत ते होते. पण पाणी नसलेल्या त्या मधल्या पट्ट्यांवर, थेट डेकवर, पुष्कळ ब्लॉकांना चिरा पडलेल्या आढळल्या. पुढच्या ब्लॉकांत दोन सिलिंडरांच्या मधे खाचा ठेवाव्या लागल्या. मला या सगळ्यात मौज वाटली ती सरकवण्याची. घराण्यातली बंदिश तीच ठेवून ठेका बदलला, तर सम गाठताना जी ओढाताण होते, तिची आठवण झाली. पण मिस्त्रींना असल्या उपमा आवडत नाहीत.

आता आमची भिंत. मी एक शहाणपणा करून पाहिला. छोट्या हातोडीने प्रत्येक सिलिंडरच्या भिंतीवर टिचकी मारून नाद ऐकला. पखवाजाच्या खोडावर बोटे मारून लाकूड कुठे जाड, कुठे पातळ हे अण्णा सांगत, तेच मी लोखंडावर करू गेलो. पहिला आणि चौथा मला एका सुरात वाटले, दुसरा किंचित चढा, तिसरा भरदार. मी छातीठोक सांगितले की तिसरा सर्वांत जाड आहे. मिस्त्री म्हणाले, "चीर असेल तर नाद बद्द येतो, तेवढं खरं. जाडीचं कानावर सोडू नका." मग त्यांनी ध्वनिलहरींनी जाडी मोजणारे हातात मावेल एवढे यंत्र आणले. भिंतीला थोडे जेल लावून त्याची कळ टेकवली की आकडा दिसतो. प्रत्येक सिलिंडरला चार बाजू, प्रत्येक बाजूला वर, मधे, खाली. एकूण अठ्ठेचाळीस आकडे त्यांनी खडूने ब्लॉकवरच लिहिले. बहुतेक चारच्या वर. तिसऱ्या सिलिंडरला एका बाजूला ४.६ आणि समोरच्या बाजूला २.७.

सर्वांत भरदार नादाचा तोच सर्वांत पातळ निघाला. शिष्य सोबत होता, हे मला विशेष लागले.

एकाच भिंतीच्या दोन बाजूंत एवढा फरक का? ओततानाच वाळूचा गाभा सरकलेला असतो. गाभा केसभर तिरका झाला की एकीकडे रस जास्त भरतो, दुसरीकडे कमी. कारखान्यातून गाडी नवी निघते तेव्हा हे कुणाला कळत नाही, कारण आतले भोक यंत्राने अचूक गोल कापलेले असते. चूक लपते ती पाण्याच्या बाजूला. म्हणून एकाच साच्याचे दोन ब्लॉक, एक साठ सहज पचवतो आणि दुसरा चाळिसालाच पाणी दाखवतो. शिवाय पाण्याचीही भर. इंदूरला नर्मदेचे पाणी १९७८ मध्ये आले. पण आमच्या गल्लीत गाड्यांना पुढेही किती वर्षे बोअरिंगचे जड पाणीच घातले जाई. त्याचे क्षार साठतात, क्षारांखाली गंज धरतो. "आतून आम्ही खातो, बाहेरून पाणी खातं," मिस्त्री म्हणाले.

मला अण्णांनी सांगितलेली एक हकीगत आठवली. त्यांच्या गुरुबंधूंचा पखवाज आवाजाला बोजड आहे, खोड आतून आणखी कोरून हलके करावे असे कुणी सुचवले. कोरणाऱ्याने कोरले. नुसते खोड हातात घेतले तेव्हा सुरेख वाटले. पण पुड्या चढवून वाद्या ओढल्या, गट्टे ठोकून सुराला आणले, आणि थंडीच्या एका पहाटे ते खोड आपोआप, कुणी हात लावलेला नसताना, उभे चिरले. अण्णा म्हणत, ताण घातल्याशिवाय खोडाची परीक्षा नाही. ही हकीगत मी मिस्त्रींना सांगितली आणि या वेळी मात्र त्यांनी उपमा नाकारली नाही. ते आत गेले आणि दोन इंच जाडीचा, चार मोठी भोके पाडलेला लोखंडी पाट घेऊन आले. हेडच्या जागी हा पाट ठेवून बोल्ट हेडइतकेच आवळतात आणि मग सिलिंडर कापतात, घासतात. कारण बोल्ट आवळले की ब्लॉकचा माथा ओढला जातो आणि मोकळेपणी अचूक गोल असलेले भोक किंचित वाकडे होते. ताणात कापले तर ताणात गोल राहते. परदेशी शर्यतीच्या गाड्या करणारे हेच करतात. ॲम्बेसॅडरसाठी असा पाट मिस्त्रींनी स्वतः घडवला होता. बिचाऱ्याला फार गिऱ्हाईक मिळाले नाही. २०१४ मध्ये गाडीच बंद झाली.

साठाच्या पुढे बोअर नाही, हे ठरले. ट्रॅक्टर असता तर प्रश्नच नव्हता. जुन्या फर्ग्युसनमध्ये सिलिंडर म्हणजे पाण्यात उभी राहणारी सुटी नळी, झिजली की उपटून नवी घालावयाची. आमच्यापुढे दोनच वाटा होत्या. दुसरा ब्लॉक शोधावयाचा, किंवा चारही सिलिंडरांत कोरडे लायनर घालून पुन्हा मूळ मापावर यावयाचे. दुसरा ब्लॉक मिळालाही असता. पण एंजिनाचा नंबर बदलणार, नोंदणीपुस्तकात दुरुस्ती करावी लागणार. आणि खरे कारण सांगावयाचे तर, मला तो नको होता. अण्णांच्या हस्ताक्षरातल्या वहीत त्या नंबराशेजारी तेल बदलल्याच्या तारखा आहेत.

लायनरची अडचण अशी की तो बसवण्यासाठी आधी भोक आणखी अडीच मिलिमीटर मोठे करावे लागते. चार मिलिमीटर भिंतीला ते चालते, मागे पावणेतीन उरतात आणि लायनरचे दोन मिळतात. पण २.७ मधून सव्वा गेले तर दीडही उरत नाही, आणि त्यातही आत कुठे गंजाची खळी असेल तर सुरी पाण्यात. मिस्त्रींनी आकडे पुन्हा पाहिले. पातळ बाजू पिस्टनच्या रेट्याची नव्हती, समोरची होती. "हे एवढं एक बरं आहे," ते म्हणाले. मग त्यांनी क्रम ठरवला. "आधी तिसरा कापू. तो फुटला तर बाकी तिघांना हात कशाला लावायचा? आणि फुटला तर कापण्याची मजुरी माझी नाही."

मंगळवारी दुपारी शाळा अर्धी टाकून मी गेलो. पाट आवळलेला होता. मिस्त्रींनी एकदम न कापता चार खेपांत कापावयाचे ठरवले होते. पहिल्या तीन खेपा मी उभा होतो. यंत्राचा आवाज एका लयीत, सुरीच्या फेरीगणिक एक हलकी सळसळ. शेवटच्या खेपेला मला उभे राहवेना, मी बाहेर जाऊन चहा सांगितला. आत यंत्र थांबले. मिस्त्रींनी दिवा आत सोडून बराच वेळ पाहिले, मग बोटाने भिंत वरपासून खालपर्यंत चाचपली आणि बोट माझ्यापुढे धरले. कोरडे होते.

लायनर दाबून बसवला, बाकीचे तीन दुसऱ्या दिवशी झाले. माथा आता फक्त सपाट होईल एवढाच, अगदी नाममात्र घासला. पाण्याची सगळी तोंडे बंद करून आत दाब दिला आणि ब्लॉक रात्रभर तसाच ठेवला; सकाळी काटा जिथल्या तिथे होता. बोअर पुन्हा ७३.०२५. पन्नास वर्षांनी गाडी आपल्या जन्माच्या मापावर आली. मी म्हटले, "म्हणजे आता पुन्हा वीस, चाळीस, साठ?" मिस्त्री बिल लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "नाही मास्तर. यात आता वीसही नाही. ही शेवटची."

पहिले पाचशे मैल पन्नासच्या वर न्यायची नाही, चढणीवर वरच्या गिअरमध्ये रडवायची नाही आणि काटा अर्ध्याच्या वर गेला की जिथे असेल तिथे थांबायचे, अशी तंबी देऊन त्यांनी किल्ली दिली. गेल्या गुरुवारी मी उज्जैनला गेलो. पखवाज मागच्या बाकावर आडवा होता, शिष्य त्याला धरून बसला होता. सांवेरच्या अलीकडे त्या लिंबाखाली काही कारण नसताना गाडी थांबवली, बॉनेटवर हात ठेवून पाहिला, आणि पुढे निघालो. बैठकीला पोहोचायला वीस मिनिटे उशीर झाला.